चाखायचा मान

कोपर गावात हळद कुणाचीही असो, मटणाचा टोप उतरायच्या आधी काळुरामशेठला बोलावणं जाई. बाप-आजा मिठागरात राबलेले. आता तिथे इमारती उभ्या आहेत आणि शेठच्या गळ्यात जाड साखळी, पण मान तोच जुना: तळहातावर रस्सा घ्यायचा, चाटायचा, डोळे मिटायचे. ते मुंडी हलवेपर्यंत नवरदेवसुद्धा उपाशी. एकदा ते "अजून मूठभर मीठ टाक" म्हणाले आणि पाहुणे दुसऱ्या दिवशीही पाणी पीत होते. अर्थात, हे आम्ही त्यांच्या पाठीमागेच बोलतो.

गेल्या वर्षी शेठचे पाय सुजले. रक्तदाब हा त्यांचा जुना भाडेकरू, आता किडन्याही बिघडलेल्या निघाल्या. डॉक्टर मेघनाबाईंनी समजावलं, "आजोबा, रक्तवाहिन्यांच्या अस्तरात नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू तयार होतो, तो त्यांना सैल ठेवतो. किडनीच्या आजारात तो कमी पडतो. मग वाहिन्या आवळतात, दाब चढतो आणि तोच दाब उरलेली किडनी खातो. मीठ सोडा, नाहीतर डायलिसिसवर जाल."

"मीठ सोडू? मग मना हळदीला कोन बोलावनार?"

त्यातून नात कल्पिताचं लग्न ठरलेलं. तिच्या टोपाचं मीठ दुसऱ्या कुणी चाखायचं?

शेठला फोनवर एक व्हिडिओ सापडला: बिटाने तो वायू वाढतो. झालं! रोज सकाळी तांब्याभर बिटाचा रस, आणि जेवणात मीठ पूर्वीसारखंच. हिशोब सोपा होता. मीठ आवळील, बीट सोडवील.

"ओठ रंगवून बसलंय बघा, नवरीवानी," शेठाणी सखुबाई म्हणायच्या.

मीही विचारलं, "शेठ, लिपस्टिक कुठली?"

"जलतोस तू," शेठ खूश.

व्हिडिओ खोटा नव्हता, हीच तर पंचाईत. एका सकाळी अंगणातच शेठचे पाय लुळे पडले, छातीत ठोके चुकू लागले.

"बिटात पोटॅशियम भरपूर," मेघनाबाई इस्पितळात म्हणाल्या. "चांगली किडनी ते बाहेर टाकते, तुमची टाकत नाही. हृदय बंद पडलं असतं."

"पन तो वायू वाढतो ना?"

"वाढतो. मला एकदा विचारायचंत तरी!"

डायलिसिस सुरू झालं.

मग कल्पिताची हळद आली. आचारी डाव घेऊन शेठच्या खुर्चीपाशी आला. सवयीने तळहात पुढे झाला. सखुबाई पदर तोंडाशी धरून उभ्या राहिल्या. शेठना स्वतःची जीभ ठाऊक होती, एका थेंबावर ती कधीच थांबली नव्हती. त्यांनी मूठ मिटली.

"उतरव टोप."

मटण अळणी झालं होतं. शेठ काठी टेकत पंगतीतून फिरले. "मीठ कसं झालंय?"

"झकास, शेठ!" पंगत ओरडली. आयुष्यभर शेठची खोडी काढणारा मीसुद्धा बोटं चाटत म्हणालो, "एकदम बरोबर."

शेठ पुढच्या ताटाकडे सरकले. प्रत्येक ताटातलं लोणचं संपलं होतं, तेवढं बघत गेले. मग खुर्चीत येऊन बसले आणि कोरडाच तळहात धोतराला पुसत राहिले.