रांजणावरची खडूची रेघ

ताकही फुंकून प्यायचा माझा स्वभाव. त्यासाठी आधी दुधानं तोंड पोळावं लागतं असंही नाही. त्यामुळे मोठ्या दुष्काळाच्या उन्हाळ्यात, तिसगावला मास्तर असताना, ते इंग्रजी गाणं ऐकलं तेव्हा मला पहिल्यांदा संशयच आला.

भावानं मुंबईहून सेलवर चालणारा रेकॉर्ड प्लेअर आणि एकच तबकडी पाठवली होती. केस वाढवलेली परदेशी पोरं गात होती : दारात कुणी आलं तर तो कोण हे विचारू नका, आधी त्याला बसायला द्या. म्हटलं, पोट भरलेल्यांना दया परवडते. पण पहिल्या गाणाऱ्याचा आवाज दमायला लागला की दुसरा खालून येई आणि त्याला न झाकता सावरून धरी. ती जागा ऐकायला मी रोज संध्याकाळी तबकडी लावू लागलो. माझ्यासारख्या माणसाच्या डोळ्यांत पाणी यावं, याचा रागच यायचा.

शेजारची बाई दुष्काळी कामावर खडी फोडून परतताना माझ्या ओसरीपाशी थांबायची. एकदा तिनं विचारलं, "गुरुजी, काय म्हनत्यात ती?" मी मोठ्या तोऱ्यात अर्थ सांगितला. ती म्हणाली, "आसं गानं करून सांगावं लागतं व्हय तिकडं?"

मला वाटलं, ही इथं थांबते ती पाण्यासाठी. ओसरीवर माझा नवाकोरा रांजण होता. टँकर दोन दिवसांआड यायचा. मी गोदाकाठच्या कोपरगावचा, मोजून पाणी प्यायची सवय नव्हती. ती मी इथं शिकलो आणि जरा जास्तच शिकलो. शाळेतला खडू आणून रांजणात आतून पाण्याच्या पातळीवर रेघ मारली आणि तांब्याभर पाणी घेतलं की नवी रेघ. सकाळी मारलेल्या रेघेखाली दुपारी पाणी दोन बोटं उतरलेलं असायचं. चार दिवस पाहिलं. पाचव्या दिवशी टँकरपाशी, सगळ्या बायकांदेखत, मी तिला म्हणालो, "बाई, माझ्या रांजणाला हात लावायचा नाही."

ती एवढंच म्हणाली, "म्या न्हाई लावला."

त्यानंतर पाणी बरोब्बर रेघेवर राहू लागलं. तंबी लागू पडली म्हणून मी खूश होतो.

एके दिवशी शाळा लवकर सुटली. घरी आलो तर ती ओसरीवर रांजणात वाकून रेघ शोधत होती आणि स्वतःच्या हंड्यातलं पाणी तिथवर ओतत होती.

"हे काय?"

ती दचकली नाही. "रांजन नवा हाय, गुरुजी. नवा रांजन पाझरतो. खालची माती बघा, वली हाय. समद्या गावाला ठावं हाय ह्ये."

"मग तेव्हाच का नाही सांगितलं?"

"तुमी ऐकलं असतं? तुमी बोलल्यापासून बाया मला रांगंत पुढं उभं ऱ्हाऊ देईनात. चोर म्हनत्यात. तुमची रेघ भरली तर तुमी तरी पुन्ना बोलनार न्हाई, म्हनून वतीत हुते." मग हंडा कडेवर घेत म्हणाली, "आता टँकरवर जाऊन तेवढं खरं सांगा."

मला स्वतःची लाज वाटली. दुसऱ्या दिवशी टँकरपाशी मोठ्यानं सांगितलं : पाणी हिनं घेतलं नव्हतं, रांजण पाझरत होता, चूक माझी. मग एक म्हातारी कौतुकानं म्हणाली, "गुरुजींचं मन लई मोठं. चोरावर बी पांघरून घालत्यात." बाकीच्यांनी माना डोलावल्या.

मी शपथा घेतल्या. जितक्या घेतल्या तितका मी त्यांना दयाळू वाटत गेलो.

ती रांगेच्या शेवटी उभी होती. तिनं सगळं ऐकलं, रिकामा हंडा उचलला आणि दोन कोसांवरच्या विहिरीची वाट धरली.