गुरुजी काठी धरत नाहीत

कापसाचा सीझन सुरू झाला की आदिलाबादच्या मार्केट यार्डाकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या बाभळी पांढऱ्या होतात. ट्रकमधला कापूस उडतो आणि काट्यांना अडकून बसतो. कोणी लावत नाही, कोणी काढत नाही. आमच्या सकाळी फिरायच्या ग्रुपला किस्से असेच चिकटलेत. परवा बायको म्हणाली, "तुमी फिराले जाता का किस्से गोळा कराले?" फिरणं अर्धा तास आणि चहाच्या टपरीवर बसणं सव्वा तास, हे तिला कोणीतरी सांगितलेलं दिसतंय.

ग्रुप म्हणजे आम्ही तिघं. मी तहसीलमधून रिटायर झालेला पेशकार, म्हणजे आयुष्यभर दुसऱ्यांच्या फायली साहेबांपुढे ठेवलेला माणूस. दुसरा नरसय्या, बसचा रिटायर कंडक्टर. मूळचा तेलुगू, पण भांडायला मराठीच वापरतो. आणि तिसरे गुरुजी. जैनथकडच्या मराठी शाळांमध्ये त्यांनी चौतीस वर्षं शिकवलं. आता वय सत्तर, गुडघे त्याहून मोठे.

* * *

सुरुवात कुत्र्यांपासून झाली.

यार्डाच्या वळणावर तीन कुत्री आहेत. एका सकाळी तिन्ही अंगावर धावून आली. नरसय्या माझ्या मागे लपला, मी नरसय्याच्या मागे लपायला बघत होतो. गुरुजी मात्र जागचे हलले नाहीत. वर्गात उभं राहावं तसे उभे राहिले, बोट उगारलं आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "बसा खाली!"

खोटं नाही सांगत, दोन कुत्री बसली!

तिसरं नाही बसलं. ते सरळ धोतराला झोंबलं, गुरुजी मागे सरकले आणि धपकन नालीत. नाली कोरडी होती म्हणून बरं, पण डावं मनगट गेलं. आम्ही दोघं त्यांना वर ओढत होतो, तर हे नालीतूनच आम्हाला समजावून सांगतायत, "तिसरं आपल्या शाळेतलं नव्हतं, पेशकार."

* * *

प्लास्टर घातलं त्याच दिवशी गुरुजींच्या मुलाचा फोन आला. राहुल हैदराबादला मोठ्या कंपनीत आहे. चांगला मुलगा. रोज फोन करतो आणि रोज काळजी करतो.

"आई, बाबांना म्हणावं काठी घ्या. टेकायलाही होईल आणि कुत्र्यांनाही होईल. बाबा काठी घेऊन फिरत असतील तर मी एक शब्द काढणार नाही. नाहीतर तुम्ही दोघं इकडे या."

इकडे म्हणजे अकराव्या मजल्यावर. शांताबाई, म्हणजे गुरुजींच्या बायको, एकदा तिथे महिनाभर राहून आल्या होत्या. परत आल्यावर तीन दिवस अंगणात अनवाणी फिरत होत्या. गुरुजींनी तर तिथे खिडकीतून खाली बघितलं आणि म्हणाले होते, "एवढ्या वरून कोणाला ओळख दाखवायची?"

काठी घेतली की प्रश्न मिटला, असं मला वाटलं. मग शांताबाईंनी मला स्वयंपाकघरात बोलावून हळूच सांगितलं, "भाऊजी, हे काठी नाही धरत. घरात साप निघाला तरी टाळ्या वाजवतेत. काठी मीच घेतो."

कारण विचारलं तर ते नोकरीच्या पहिल्या वर्षातलं निघालं. सुमन नावाची चौथीतली पोरगी उशिरा आली. तेव्हा गुरुजींच्या हातात छडी असायची, सगळ्यांच्याच असायची. म्हणाले, हात पुढे कर. तिने हात पुढे केला, पण मूठ उघडेना. गुरुजींना वाटलं, उर्मट आहे. त्यांनी मुठीवरच छडी मारली. मूठ उघडली तेव्हा दिसलं, बोटं सगळी सुजलेली आणि फाटलेली. पोरगी पहाटेपासून कापूस वेचून शाळेत आली होती. बोंडाची वाळलेली टोकं कशी लागतात, हे ज्याने वेचलाय त्यालाच ठाऊक.

पोरगी रडली नाही. गुरुजी रडले. छडी मोडून त्यांनी चुलीत घातली. पुढच्या वर्षी ती शाळेत आलीच नाही. बाप दुसऱ्या गावी सालाने लागला होता म्हणून गेली, असं लोक म्हणाले. पण गुरुजींनी मनाशी धरलं ते धरलंच.

"तवापासून हातात काठी नाही," शांताबाई म्हणाल्या. "आता सांगा, मी राहुलले काय सांगू?"

तहसीलमध्ये असतो तर 'प्रकरण विचाराधीन' असा शेरा मारला असता.

* * *

मी मात्र काठी घेतली. नातवाकडून ऑनलाइन मागवली. घडीची, ॲल्युमिनियमची. त्यात टॉर्च, त्यात सायरन, आणि खोक्यावर ठळक लिहिलेलं 'सेल्फ डिफेन्स'.

पहिल्याच सकाळी टपरीवर चहा घेताना पाण्याच्या टाकीवरून माकड उतरलं. मी ऐटीत काठी उगारली. काठी घडीची, ती घडी होऊन बसली! माकडाने ती माझ्या हातातून काढून घेतली, टाकीवर नेली आणि नेमकं सायरनचं बटण दाबलं. अर्धा तास अख्खी कॉलनी बाहेर. कुत्रीसुद्धा भुंकायचं सोडून वर बघत होती.

नरसय्या म्हणाला, "अय्यो, पेशकार सार! आता सेल्फ डिफेन्स माकडापाशी हाये. आपण रस्ता बदलू."

आम्ही खरंच आठवडाभर रस्ता बदलला.

* * *

प्लास्टर निघाल्यावर गुरुजी छत्री घेऊन यायला लागले. "ही काठी नाही, छत्री आहे," असं त्यांनी आम्हाला बजावलं. आम्ही मान डोलावली. व्हिडिओ कॉलवर राहुलला लांबून दाखवली तेव्हा त्यालाही ती काठीच वाटली.

कुत्र्यांसाठी तर छत्री फर्स्ट क्लास! गुरुजींनी फटकन उघडली की तिन्ही कुत्री गायब. पण छत्री टेकायची वस्तू नाही. पावसाने काळी माती भिजली होती. शेताच्या कडेने येताना गुरुजींनी भार दिला, छत्रीचं टोक वीतभर आत गेलं, दांडा वाकला आणि गुरुजी त्याच्याभोवती अर्धी गिरकी घेऊन बसले. या वेळी हाड वाचलं, पण गुडघा भोपळ्याएवढा झाला.

राहुलला कळलंच. तो चिडला नाही. "बाबा, तिसऱ्यांदा पडायची वाट मी नाही बघणार. सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी गाडी घेऊन येतो."

शांताबाईंनी बॅग काढली. सगळ्यात आधी त्यात पोळपाट भरलं. म्हणाल्या, "सुनेचं पोळपाट काचेचं हाये. त्यावर पोळी सरकते." भरलं, मग रात्रीच्या पोळ्यांसाठी काढलं, धुऊन परत भरलं. रोज हेच. मला ते बघवत नव्हतं.

* * *

मग नरसय्याने डोकं लढवलं. उटनूरच्या पुढे एका पाड्यावर लच्चूदादा नावाचे गोंड म्हातारे आहेत. कुऱ्हाडीचे दांडे आणि काठ्या करतात. "एकदा हातात चांगली काठी आली की सार नाही म्हणणार नाहीत," असं नरसय्याचं म्हणणं. गुरुजींना 'हवापालट' सांगून बसमध्ये बसवलं.

लच्चूदादांनी आम्हाला काठ्या दाखवल्याच नाहीत. आधी एकेकाला अंगणात चालायला लावलं आणि स्वतः मागून बघत राहिले. मग मनगटाच्या हाडापर्यंत माप घेतलं. भरीव बांबू विस्तवावर सरळ केलेला, तेल पाजलेला, खाली लोखंडी शेंबी. दोन दगडांवर काठी आडवी ठेवून तिच्यावर स्वतः उभे राहिले. काठी हलली नाही.

गुरुजींसाठी त्यांनी सगळ्यात जड काठी काढली. मी म्हणालो, "दादा, म्हातारा माणूस आहे, हलकी द्या ना."

लच्चूदादांनी गुरुजींनाच विचारलं, "कोणाले माराचं हाये?"

"कोणालाच नाही," गुरुजी म्हणाले.

"मंग जडच घे. हलकी असली का हात उठते. जड असली का टेकावंच लागते."

गुरुजी त्या काठीकडे बघत राहिले. मला वाटलं, जमलं! पण त्यांनी हात मागे बांधले आणि म्हणाले, "काठी उत्तम आहे. पेशकार, तुम्ही घ्या."

* * *

परतताना बसमध्ये आमच्याकडे तीन काठ्या. कंडक्टर तरुण होता. म्हणाला, लगेजचं तिकीट लागेल. नरसय्याच्या अंगात जुना कंडक्टर जागा झाला.

"कायचं लगेज? काठी सीटवर बसली का?"

"नाही."

"उभी हाये ना? मंग तिले धर म्हण वरचा दांडा, तिकीट मी काढतो!"

सगळी बस हसली, कंडक्टरही हसला आणि पुढे गेला. गुरुजी तेवढे हसले नाहीत. जड काठी त्यांच्या गुडघ्याला टेकून उभी होती आणि ते खिडकीबाहेर बघत होते. ती काठी मी त्यांच्या घरी नेऊन दाराआड ठेवली. शांताबाईंनी तिचा अंगणातल्या दोरीला आधार केला, वाळत घातलेले कपडे मातीला लागू नयेत म्हणून.

* * *

सप्टेंबरचा पहिला रविवार जवळ आला. आदल्या दिवशी, शनिवारी, शिक्षक दिन. जैनथकडच्या एका गावातल्या शाळेतून बोलावणं आलं. गुरुजींची पहिली शाळा तीच. गुडघ्याला पट्टा बांधून, एक हात माझ्या आणि एक हात नरसय्याच्या खांद्यावर ठेवून गुरुजी ऑटोत चढले. वाटेत म्हणाले, "आता निरोपच घेऊन येऊ."

भाषणं झाली, पोरांनी गाणी म्हटली, गुरुजींना गुलाबाचं फूल मिळालं. गर्दी पांगली. गुरुजी वऱ्हांड्यात एका खांबाला धरून उभे होते. आम्ही दोघं ऑटो बघायला फाटकापर्यंत गेलो होतो. तेवढ्यात पंचावन्न-छप्पन्नची एक बाई काठी टेकत टेकत त्यांच्यापुढे येऊन उभी राहिली. मागे सात-आठ वर्षांची पोरगी, पाठीला दप्तर.

"वळखलं का, गुरुजी?"

गुरुजींनी चष्मा सावरला. ओळख पटेना.

"मी सुमन. बापानं नेलं होतं ना माहूरकडं, मंग लगन होऊन याच गावात वापस आले. हे माही नात. हिले तुमच्याच शाळेत टाकलं. इंग्लिश मीडियमची गाडी येते दारात, पण मी म्हणलं, नाही, आपल्या गुरुजीचीच शाळा."

आम्ही फाटकातच थांबलो. पुढे जायची हिंमत झाली नाही.

सुमनबाईंनी एकदम आपली काठी पुढे केली. "जरा धरा ना, गुरुजी. मले दोन्ही हात जोडाचे हायेत."

आणि गुरुजींनी काठी धरली!

म्हणजे धरली गेली. समोरून कोणी काही दिलं तर माणूस घेतोच, तशी. सुमनबाईंनी दोन्ही हात जोडले. चांगले सावकाश जोडले, डोळे मिटून. मग डोळे उघडले आणि काठी परत घ्यायला उजवा हात पुढे केला. तळहात वर. बोटं उघडी.

गुरुजी हातात काठी घेऊन उभे, आणि समोर तो हात.

नरसय्याने माझं मनगट घट्ट धरलं. नात एकदा आजीकडे बघत होती, एकदा गुरुजींकडे.

"द्या ना, गुरुजी," सुमनबाई म्हणाल्या.

गुरुजींनी खांब सोडला. काठी दोन्ही हातांनी आडवी धरली आणि फूल ठेवावं तशी त्या तळहातावर ठेवली. मग आपला पंजा त्याच्यावर ठेवला आणि तसेच राहिले.



* * *

दुसऱ्या दिवशी सकाळी मला ताप होता, म्हणून मी फिरायला गेलो नाही. नरसय्या सुनेच्या माहेरी गेलेला. तेव्हा पुढचं मी पाहिलेलं नाही, राहुलने सांगितलेलं आहे.

तो हैदराबादहून मध्यरात्रीच निघाला होता. साडेसहाला गाडी दारात लावली. अंगणात दोरी आधाराविना जमिनीला टेकलेली, वाळत घातलेलं धोतर मातीत. आत आला तर खाट रिकामी, बॅग भरलेली, आणि शांताबाई परातीत कणीक मळतायत.

"आई, बाबा कुठेत?"

"फिराले गेले."

"कोणाबरोबर?"

"कोणासंग कायले? एकटेच गेले."

राहुल घाबरून दाराकडे वळला. शांताबाईंनी मान वर केली नाही. म्हणाल्या, "कुठं पळून राह्यला? येतेत ते. तू बस. आन् त्या बॅगेतून माहं पोळपाट काढून दे."