बियाला राखलेला घोस

चेरी टोमॅटो हे नाव मला साठी उलटल्यावर कळलं. सूनबाई एकदा प्लास्टिकच्या डबीतून गोटीएवढी लालचुटुक फळं घेऊन आली आणि हे परदेशी वाण आहे असं कौतुकाने सांगू लागली. मी एक तोंडात टाकलं. दिसायला देखणं, चवीला नुसतं पाणी. असली टमाटी माझ्या माहेरी मोरीच्या कडेला उगवायची आणि आम्ही पोरं ती झाडावरूनच फस्त करायचो, असं मी म्हणाले. तिला ते पटलं की नाही कोण जाणे. हसली मात्र छान.

माहेर माझं नायगावकडचं. परसात ही बारकी टमाटी आईने कधी विकत आणून लावली नव्हती, तिच्या आईकडून आलेली होती. दरवर्षी ती एक चांगला घोस बियाला राखायची आणि ओळखू यावा म्हणून त्याच्या देठाला दोरा बांधायची. दोरा बांधला की त्या घोसाला हात लावायची आमची टाप नव्हती. फळं पिकून अगदी मऊ झाली की त्यातलं बी राखेत कालवायचं, वाळवायचं आणि चिंधीत बांधून ठेवायचं. लग्नानंतर नांदेडला संसार मांडला तेव्हा भांड्याकुंड्यांबरोबर आईने तशी एक पुरचुंडी मला दिली. पुढे वर्षभरात आई गेली. भावाने परसात खोल्या काढल्या, टमाटी तिथेच गाडली गेली. आईच्या हातचं म्हणावं असं माझ्याजवळ ते तेवढं बी उरलं.

अशात यांची बदली लातूरला झाली. हे कचेरीत कारकून. जिल्हा नुकताच वेगळा झालेला, त्यामुळे गाव नुसतं फुगून गेलं होतं. भाड्याच्या घरांवर कचेऱ्यांच्या पाट्या लागत होत्या, साहेबाला खुर्ची मिळाली तर कारकुनाला टेबल मिळत नव्हतं. आज कुठली नवी पाटी लागली हे यांनी रोज संध्याकाळी मला सांगायचं आणि मी ऐकायचं. गाव जिल्ह्याचं झालं खरं, पण नळाला ते कुणी कळवलेलं दिसत नव्हतं. त्या साली पाऊस दडी मारून बसला, आणि माघ सरायच्या आतच नळ फक्त खाकरायला लागला.

आमच्या घरमालकीण आक्का. त्यांच्या यजमानांचं, आप्पांचं, गंज बाजारात भुसाराचं दुकान होतं. लिंगायत घर. आक्कांच्या कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात चांदीच्या डबीतलं लिंग, आणि जीभ अशी की दूधवालासुद्धा दारात आल्यावर आवाज खाली आणायचा. अंगणातल्या आडाला तळाशी थोडं पाणी होतं. त्याचा दोर त्या रात्री उशाशी घेऊन झोपत. भाडेकरूंना पाणी मिळे ते त्यांच्या नजरेखाली. मला त्या आवडत नव्हत्या. नांदेडला नदी होती, शेजार होता, इथे काय तर आक्का, असं मी यांच्याशी कुरकुरत असे.

आप्पांनी दुकानातला तेलाचा रिकामा डबा दिला. त्याला खाली भोकं पाडून, माती आणि शेणखत भरून मी बी पेरलं. पहिल्या खेपेला मुंग्यांनी नेलं. रागारागात मी पुरचुंडीतलं उरलेलं सगळं बी पेरून टाकलं. त्यातून एकच रोप तगलं. मग मात्र मला भीती वाटायला लागली, कारण आता मागे काहीच नव्हतं.

त्या रोपाला मी पोटच्या पोरासारखं जपलं. काठी रोवून सैल बांधलं, बगलेतले फुटवे खुडले, मावा दिसला की पहाटे पानांवर राख धुरळली, दुपारी जुन्या लुगड्याची सावली केली. पाण्यासाठी यांना घमेल्यात उभं राहून आंघोळ करायला लावलं. साबणाचं पाणी झाडाला नको म्हणून साबण बंद केला आणि हरभऱ्याचं पीठ हातावर ठेवलं. नव्या जिल्ह्याचा कारकून दोन महिने बेसन चोळून कचेरीत गेला. बिचारे एका शब्दाने बोलले नाहीत. आक्का मात्र ओट्यावरून विचारायच्या, "आंगूळ नवऱ्याला घालतीस का टमाट्याला?"

ऊन तापलं तशी फुलं गळू लागली. फळ धरावं म्हणून फुलांना टिचकी मारून, सावली करून, जे जमेल ते केलं. शेवटी धरला तो एक घोस. फळं हिरवी होती तेव्हाच मी त्याच्या देठाला लाल दोरा बांधला. झाड खालून वाळत चाललं होतं. घोस पिकेपर्यंत ते उभं राहावं, एवढंच माझं मागणं होतं. फळं लाल झाली. अजून थोडी मऊ झाली की उतरवायची, असं मी ठरवलं.

त्या सोमवारी मी टँकरच्या रांगेत होते. घागर घेऊन परतले तर आक्का दारातच उभ्या, चेहरा कधी नव्हे तो प्रसन्न. सोमवारी भिक्षेला येणारे स्वामी, म्हणजे त्यांचे जंगम, येऊन गेले होते.

"तुज्या देवाचं देवाला पोचवलं बघ," त्या म्हणाल्या. "दोरा बांधून ठिवला हुतास न्हवं? आज सोमवार, स्वामी दारात. घातला घोस झोळीत."

त्यांच्याकडे झाडाच्या फळाला दोरा बांधला म्हणजे ते देवाला बोललेलं असतं. मी नवस केला आहे आणि पाण्याच्या रांगेपायी माझा मुहूर्त चुकतो आहे, असं वाटून त्यांनी माझ्यावर उपकारच केला होता. मी घागर खाली ठेवली आणि तिथेच पायरीवर बसून रडू लागले. हुंदके देत देत आईचं, परसाचं, पुरचुंडीचं सगळं सांगितलं. आक्कांनी ऐकून घेतलं. एकदा डब्यातल्या झाडाकडे पाहिलं. मग आत गेल्या आणि त्या संध्याकाळी ओट्यावर आल्याच नाहीत.

सकाळी पाहते तर आप्पा चुलीशी धुरात डोळे चोळत चहा करताहेत. आक्का पहिल्या यष्टीने निलंग्याकडे गेल्या होत्या. स्वामींचं गाव तिकडंच. आप्पा पुनःपुन्हा एकच म्हणत होते की झोळीत घातलेलं मागायला आजवर कुणी गेलेलं नाही, ही बाई काय करून बसते कुणास ठाऊक.

त्या उन्हं कलताना परतल्या. केसांपासून पायांपर्यंत धूळ. माझ्या दारात बसून त्यांनी पदराची गाठ सोडली. आत पानाच्या तुकड्यात काहीतरी लालसर, वाळलेलं होतं. त्याला मिरचीचा वास येत होता.

झालं होतं असं, की स्वामींच्या घरी रात्रीच त्या घोसाची कच्च्या मिरच्यांबरोबर चटणी वाटली गेली आणि भाकरीशी संपली. पण त्या गावातही पाण्याची मारामार. पाटा धुवायचा राहिला होता. त्याच्या टाकीच्या खाचांत अडकून जे वाळलं होतं, ते आक्कांनी नखाने खरवडून आणलं. स्वामी म्हणाले, ने बाई, यात दोष नाही. हे सगळं त्यांनी मला जवळजवळ रागावूनच सांगितलं.

"लई लाज वाटली मागताना," शेवटी त्या म्हणाल्या. "पर मागितलं."

मी त्यांना आधी पाणी दिलं. मग ते खरवडलेलं वाटीत भिजवून, गाळणीत धुऊन राखेत वाळवलं. मिरचीचं बी कुठलं आणि टमाट्याचं कुठलं हे निवडत बसले नाही. पावसाळा लागल्यावर दोन्ही पेरलं. वर आल्या त्या बहुतेक मिरच्याच. पण त्यांत दोन रोपं लवदार खोडाची निघाली. पान चुरगळून वासाची खात्री मी आणि आक्कांनी मिळून केली. मग एक डबा माझ्या दारात आणि एक त्यांच्या. शेंडे कधी खुडायचे, काठी कुठे रोवायची, यावर आमची रोज भांडणं होत. यांना साबण परत मिळाला. आणि आक्का मला आवडू लागल्या, इतक्या की नांदेडची आठवण काढायला मला मुद्दाम वेळ काढावा लागे.

दिवाळीच्या सुमाराला घोस लाल झाले. बियाचे तेवढे राखून मी पहिली वाटी भरली आणि आक्कांकडे नेली. त्यांनी वाटी नाकाशी धरली, डोळे मिटून वास घेतला आणि ती माझ्या हातात परत ठेवली.

"मी सोडलंय हे फळ," त्या म्हणाल्या.

काशीला गेलेली माणसं आवडीचं फळ सोडून येतात हे मला माहीत होतं. आक्का तर कुठे गेल्या नव्हत्या. मी कारण विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं, की देवाला दिलेलं माघारी आणलं तर त्याच्या बदल्यात काही द्यायला हवं, म्हणून यष्टीत बसल्या बसल्याच त्यांनी हे जन्मभरासाठी सोडलं. स्वामींनी दोष नाही म्हटलं होतं ना, मी म्हणाले. स्वामींचं स्वामींपाशी, म्हणाल्या. इतके महिने त्यांनी आपलं तोंड धुतल्याचं पाणी त्या डब्यात घातलं होतं, माझ्याशी काठीवरून भांडल्या होत्या, आणि यातलं एक फळही आपल्या तोंडी जाणार नाही हे त्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं.

"उभी काय ऱ्हायलीस? बस. खा."

मी ओट्यावर बसले, एक टमाटं तोंडात टाकलं. तेच होतं, आईचं. आक्का माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होत्या.

"गोड हाय का?"

मी मान हलवली. डोळे भरून आले होते.

"नीट सांग की," त्या म्हणाल्या. "आता तुज्याच तोंडानं कळायचं मला."