रामाजीचा बडग्या

महाल भागातल्या आमच्या गल्लीत रामाजी गवळ्याच्या हातचा मार न खाल्लेला माणूस शोधावा लागे. गाईंवर मात्र त्यानं कधी हात उगारला नाही. मारण्याजोगा प्राणी एकच, माणूस, असं त्याचं मत होतं.

पूर्वी तो कारणाशिवाय मारी. त्र्याऐंशी-चौऱ्याऐंशीच्या सुमारास त्याला कारण मिळालं. किराणावाल्या मधुकररावांनी कागदी पुडे बंद करून प्लास्टिकच्या पन्न्या आणल्या. गल्ली सुधारली. शिळं अन्न पन्नीत गाठ मारून गाईपुढे टाकलं की पुण्य लागे आणि हातही खरकटा होत नसे.

रामाजीच्या दोन गाईंपैकी कपिली फुगून मेली. जनावरांच्या डॉक्टरनं पोट फाडलं, तर आतून उशीएवढा पन्न्यांचा गोळा निघाला. तो तसाच गळता रामाजीनं दुकानात नेला, तागडीत टाकला आणि मधुकररावांचं तोंड त्यात दाबलं.

"तोल," तो म्हणाला. "तुह्याच दुकानचा माल हाय."

मधुकररावांचे दात पडले. पोलिसांनी ठाण्यात रामाजीला त्याच्याच पद्धतीनं समजावलं.

उरली चांदणी. तिला तो बांधूनच ठेवी. पण त्याची बायको रुखमाबाई हिच्या गोवऱ्या पेटल्या की त्यांतून काळे थेंब गळत, प्लास्टिक जळाल्याचा वास येई. शेणातच बारीक तुकडे होते. चांदणीच्या पोटातही आधीपासून तेच साठलेलं होतं, हे कळल्यावर रामाजी गप्प झाला. त्याचं गप्प होणं गल्लीला जास्त महागात पडे.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, मारबतीला, गावाला जे छळतं त्याचा पुतळा, म्हणजे बडग्या, करून जाळायचा, ही आपली रीत. रामाजीनं उकिरड्यावरच्या साऱ्या पन्न्या गोळा करून बडग्यात कोंबल्या.

"गाठी तरी सोडा," रुखमाबाई म्हणाली. "आत कालच्या पुरणपोळ्या हायेत."

"बडग्यानं काहून उपाशी मरावं वं?"

रामाजीचा हा आम्ही ऐकलेला पहिला विनोद.

नाल्याकाठी त्यानं बडग्याला आग लावली आणि काठीनं झोडपायला घेतलं. भाताच्या तणसाचा बडग्या जळून राख होतो, हा वितळला. पेटते थेंब उडून लोकांच्या पाठीला चिकटले, कातडीसकट निघाले. रामाजीचा उजवा पंजा काठीला डकला, तरी तो मारतच होता. "इडापिडा घेऊन जा गे मारबत" असं ओरडून आम्ही जेवायला घरी गेलो. बडग्या अर्धाच जळाला होता. त्यातलं पुरण तेवढं खमंग भाजलं.

रामाजी दवाखान्यात, रुखमाबाई त्याच्या उशाशी. भुकेनं हंबरणाऱ्या चांदणीची दया येऊन गल्लीनं तिला सोडलं. ती वासावर सरळ नाल्याकडे गेली.

हाताला पट्टी बांधून रामाजी परतला तेव्हा ती फुगून मेलेली होती. डॉक्टर पुन्हा आला, सुरी पुन्हा चालली. या वेळचा गोळा काळा होता, अर्धवट वितळलेला.

रामाजीनं तो डाव्या हातानं उचलला. वाटेतली दारं लागली, मधुकरराव मागच्या बाजूनं पळाले. पळायचं कारण नव्हतं. रामाजीनं गोळा तागडीत ठेवला आणि पारड्याच्या लोखंडी काठावर स्वतःचं कपाळ आपटू लागला. पुन्हा, पुन्हा, भुवई फुटून डोळा दिसेनासा होईपर्यंत.

रुखमाबाई एकटीच त्याला ओढत होती. "धरा ना गा कोणी त्याले," ती आमच्याकडे वळून म्हणाली.

रामाजीला हात लावायची सवय आमच्यापैकी कोणालाच नव्हती.