भाऊजींची काळी वेलबुट्टी

चकचकीत तांबं पाहून वाईट वाटणारा माणूस अख्ख्या हैदराबादेत एकच असेल, आणि तो माझा थोरला दीर आहे. सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यापासून भाऊजी काचीगुड्याच्या घरी मागच्या गॅलरीत बसून तांबं काळं करतात. एका लग्नात, मंगलाष्टकं चालू असताना, त्यांनी नवरीच्या मामाला हातातल्या कलशाबद्दल ऐकवलं, "नुसता चमकतोय. नक्षी शोधावी लागते."

त्यांची रीत म्हणजे उकडलेली अंडी. वेलीच्या उठावाची तांब्याची पट्टी कुस्करलेल्या बलकासोबत डब्यात घालून झाकण लावायचं. अंड्यातल्या गंधकानं तांबं आधी तपकिरी, मग काळं होतं. वर आलेल्या पानांवरून बारीक पॉलिश पेपर फिरवला की पानं लाल, खाचा काळ्या, आणि वेल जिवंत. आता जाऊबाईंच्या घरात चातुर्मासात कांदासुद्धा येत नाही, तिथे अंडं. "मी कुठे खातो? तांब्याला घालतो," हा भाऊजींचा बचाव. अंडी कोपऱ्यावरचा चहावाला उकडून देतो आणि डब्याला गॅलरीतून घरात प्रवेश नाही.

माझं कुकटपल्लीत दिव्यांचं दुकान आहे. नात्यातल्यांना मी काम देत नाही. पण भाऊजींचा हात खरंच चांगला, म्हणून भिंतीवरच्या दिव्याची एक पट्टी त्यांना नमुना म्हणून करायला दिली. गिऱ्हाइकाला पसंत पडली तर बंगल्याच्या बाराही दिव्यांची वेलबुट्टी त्यांची. निवृत्तीनंतर त्यांना कुणी काम सांगितलंच नव्हतं. आठवडाभर दिवसातून चार फोन, "अजून एक हात मारतो गं."

शनिवारी अकराला पट्टी न्यायला गेले, तर ती ताटात लखलखत होती. जाऊबाईंनी पूजेची भांडी चिंच-मीठ लावून घासली होती, त्यातच हीपण.

"इतकी काळी, मला लाज वाटली. गिऱ्हाईक काय म्हणेल आपल्या घराला?"

भाऊजींनी पट्टी उचलून उजेडात धरली.

"ओरडा तरी," जाऊबाई म्हणाल्या.

"कशाला? छान घासलीयेस."

हे ऐकून जाऊबाई खऱ्या घाबरल्या. मी म्हटलं, "गिऱ्हाईक पाचला दुकानात येणार आहे. अंडी आणा." चहावाला नेमका गावी गेलेला. जाऊबाईंनी चपला घातल्या, मी मागोमाग. गल्लीतला दुकानदार बघतच राहिला.

"अम्मा, तुमकू अंडे? घर में सब खैरियत ना?"

"हौ. जल्दी दो."

मग नाकाला पदर लावून त्यांनी जुन्या पातेल्यात सहा अंडी उकडली, आणि बलकही स्वतःच कुस्करला. भाऊजी शेजारी उभे राहून सूचना देत होते. "तुम्ही बाजूला व्हा," त्या म्हणाल्या, "मला येतं कुस्करता."

तीन तासांत पट्टी काळी झाली. भाऊजींनी कुकटपल्लीपर्यंत रिक्षात बसून पेपर मारला. गिऱ्हाइकाने एकदा पाहिलं, "बाराही अशाच करा," म्हटलं, आणि बल्बांच्या चौकशीला लागला. भाऊजी त्या दिवशी माझ्या दुकानातल्या प्रत्येक माणसाशी हस्तांदोलन करून घरी गेले.

दिवे बंगल्यावर बसवून झाले तेव्हा एका संध्याकाळी त्यांनी मला तिथे न्यायला लावलं. आत जायला तयार नव्हते, फाटकाबाहेरच उभे राहिले. भिंत फाटकापासून लांब होती, दिवे नुकतेच लागले होते.

"माझ्या डोळ्यांना आता एवढ्या लांबचं नीट दिसत नाही," ते म्हणाले. "पानं उठून दिसतात का गं?"

मला बारा पिवळे ठिपके दिसत होते.

"दिसतात की," मी म्हटलं. "एकेक पान मोजून घ्यावं."