सिरिलची हरकत

सिरिल मॅपलबेक जाऊन दोन महिने झाले, आणि माझा त्याच्यावरचा राग अजून जात नाही. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. म्हणोत बापडे. बत्तीस वर्षं आमच्या दोन घरांमध्ये एकच भिंत होती. मी इकडे शिंकले की तो पलीकडून "जपा हो" म्हणायचा. तेवढ्या शेजारधर्मावर मला रागावायचा हक्क आहे.

आमच्याकडे एक बोलणं आहे, 'द पॉवर्स दॅट बी'. वर जे कोणी बसले असतील ते. सरकार आलं, नगरपालिका आली, बस कंपनीचा साहेब आला, देवसुद्धा त्यातच आला. वरची मंडळी म्हणा ना. आमच्या थॉर्नसी गावातली बाकीची माणसं हे दातओठ खात म्हणतात. माझं तळलेल्या माशांचं दुकान होतं तेव्हा तपासणीवाला दारात दिसला की मी ओरडायचे, "आले बघा वरच्या मंडळींचे जावई!" सिरिल मात्र हेच शब्द असे काही आदरानं उच्चारायचा की वाटावं, घरातल्या थोरल्यांबद्दल बोलतोय.

चौतीस वर्षं त्यानं हल शहराच्या रस्त्यावर बस चालवली. शेवटच्या वर्षी कंपनीनं त्याच्याच गल्लीसमोरचा थांबा बंद केला. म्हणजे हा रोज स्वतःच्या दारावरून स्वतःच बस पुढे न्यायचा, पाळी संपली की पुढच्या थांब्यावर ती सोबतच्या दुसऱ्या चालकाकडे द्यायचा आणि पाऊण मैल चालत परत यायचा. मी म्हटलं, "अरे, दोन मिनिटं थांबवलीस आणि उतरलास तर आभाळ कोसळणार आहे का?" तर म्हणे, "वरच्या मंडळींनी काहीतरी विचार केला असेल गं, मॅव्हिस." एकदा दवाखान्यात चार तास बसून होता. त्याचं नाव पुकारायचंच राहून गेलं होतं. दिवे मालवायला लागले तेव्हा हा उठला, टोपी घातली आणि घरी आला. का विचारलं नाहीस म्हटलं, तर "माणसं कामात होती" म्हणाला. असल्या माणसापुढे कपाळाला हात लावायचा नाही तर काय करायचं?

त्याची बायको एनिड अगदी उलट. शाळेच्या खानावळीत वाढपीण होती, आणि तिचा आवाज धक्क्याच्या टोकापर्यंत पोचायचा. त्यांची एकुलती एक मुलगी हेझल एकोणिसाव्या वर्षी समुद्रात पोहायला गेली ती परत आलीच नाही. मी या गल्लीत राहायला आले त्याच्या दोन वर्षं आधीची गोष्ट. तिचं शरीर सापडलं नाही. आता शरीर नाही म्हणजे थडगं नाही, आणि थडगं नाही म्हणजे फुलं ठेवायची कुठे? एनिडनं नगरपालिकेच्या पायऱ्या झिजवल्या. मुलीच्या नावाचं बाक समुद्राच्या भिंतीपाशी हवं म्हणून एका साहेबाच्या दारात ती डबा घेऊन दिवसभर बसली होती. शेवटी मिळालं. अशा बाकांवरच्या पितळी पट्टीवर लोक नेहमी लिहितात, 'हिला ही जागा फार आवडायची.' एनिड म्हणाली, "ज्यानं माझी पोर गिळली त्याचं कौतुक मी पितळेत कोरून घेऊ?" म्हणून पट्टीवर एवढंच होतं: हेझल मॅपलबेक, वय एकोणीस.

जगात तिचं नाव लिहिलेली तेवढी एकच जागा होती.

रोज चार वाजता दोघं तिथे जायची. एनिड गेल्यावर सिरिल एकटा जायला लागला. थर्मासमध्ये चहा, रुमालात दोन बिस्किटं. पाऊस असला तर छत्री. मी कधी सोबत गेले तर मला एका टोकाला बसवायचा, स्वतः दुसऱ्या टोकाला बसायचा, आणि मधे माझी पिशवीसुद्धा ठेवू द्यायचा नाही. एरवी कुणाला 'सरक' न म्हणणारा माणूस तेवढ्या बाबतीत हट्टी होता.

गेल्या वर्षी मार्चमध्ये बाकाला एक कागद बांधलेला दिसला. प्लास्टिकच्या पिशवीत घातलेला, पट्टीच्या अगदी वरच. समुद्राची भिंत नवी बांधायची आहे, पंचवीस वर्षांपेक्षा जुनी बाकं काढण्यात येतील. कुटुंबाची हरकत असल्यास अठ्ठावीस दिवसांत लेखी कळवावं, त्यांच्या बाकाचा विचार होईल. काही न कळवल्यास संमती धरली जाईल.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सिरिलनं चष्मा पुसला, कागद दोनदा वाचला आणि म्हणाला, "अठ्ठावीस दिवस. बरेच दिलेत की."

त्याच संध्याकाळी मी कागद-पेन घेऊन त्याच्या स्वयंपाकघरात बसले. "मी लिहिते, तू खाली सही कर. 'बाकाला हात लावलात तर मी त्यावर आडवा होईन. आधी मला उचला, मग बाक.'"

"अगं बाई! उचलणाऱ्या बिचाऱ्यांचा काय दोष? त्यांना वरून हुकूम असतो."

"बरं. 'माझी सक्त हरकत आहे.'"

"'सक्त' काढ. भांडण काढल्यासारखं वाटतं."

"'माझी हरकत आहे.'"

तो जरा वेळ चमचा कपात फिरवत बसला. "हरकत म्हणजे कसं होतं मॅव्हिस, आपण त्यांना चूक म्हटल्यासारखं होतं."

"मग चूकच आहेत ते! मेली एनिड, नाहीतर ती लाटणं घेऊन गेली असती."

"एनिडची गोष्ट वेगळी होती," तो म्हणाला. मग माझ्या हातातून पेन घेऊन त्यानं स्वतःच लिहिलं. दोन तास लागले. पोस्टात टाकायच्या आधी मला वाचून दाखवलं, ते मला अजून पाठ आहे.

'माननीय महोदय, आपल्या कामात व्यत्यय आणल्याबद्दल क्षमा असावी. बाकं काढण्यामागे आपला योग्य विचार असणारच, याबद्दल मला शंका नाही. आपल्याला फार तसदी पडणार नसेल, तर आमच्या मुलीचं बाक आहे तिथे राहिल्यास मला बरं वाटेल. न जमल्यास आपली अडचण मी समजू शकतो. आपला आभारी, सि. मॅपलबेक.'

"सिरिल," मी म्हटलं, "हे वाचून मलाच वाटतंय की न्या बाबांनो एकदाचं."

तो हसला. "तू मासेवाली ती मासेवालीच. अगं, 'बरं वाटेल' असं कुणी लिहिलं की त्याचा जीव त्यात अडकलाय, हे आपल्यात कुणाला सांगावं लागतं का? समजणाऱ्याला समजतं."

आणि खरं सांगते, तो काही वेडं बोलत नव्हता. माझ्या बापाच्या वेळी समजायचं. आजी मरणाच्या दारात असतानाही "जरा बरं नाही वाटत" म्हणाली होती, आणि डॉक्टर अनवाणी धावत आला होता. त्या काळात वर बसणाराही आपल्यातलाच असायचा, तोही तसंच बोलायचा.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. 'आपल्या म्हणण्याची नोंद घेतली आहे. दाखवलेल्या समजूतदारपणाबद्दल आभार.' सिरिल ते पत्र नाचवतच माझ्या दारात आला. "बघ! नोंद घेतली. आभारसुद्धा मानलेत. उगाच तू शिव्या घालत होतीस." त्या दिवशी त्यानं केक आणला होता. मीही खाल्ला. माझंही चुकलंच, मला तेव्हाच त्या पत्रात पाणी मुरतंय हे दिसायला हवं होतं.

जूनमधल्या एका मंगळवारी चार वाजता तो गेला आणि पंधरा मिनिटांत परत आला. दार वाजवलं नाही, नुसता माझ्या फाटकाशी उभा होता. "मॅव्हिस, जरा येतेस? माझं काहीतरी चुकतंय बहुतेक. मी भलतीकडेच गेलो की काय."

भलतीकडे कुठला जातो! काँक्रीटमध्ये चार भोकं होती, नटबोल्टांची. थर्मास हातात धरून तो त्या भोकांकडे बघत उभा राहिला. बाजूचं बाक मात्र जागच्या जागी होतं. त्यावर पट्टी होती, 'बस्टर, सर्वांत गुणी कुत्रा.'

मी त्याला ओढतच नगरपालिकेत नेलं. खिडकीशी केली नावाची एक पोरगी होती, पंचविशीतली. तिनं फाइल काढली. सिरिलचं पत्र वरच होतं, आणि त्याला टाचलेल्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'हरकत नाही.'

"हरकत नाही?" मी किंचाळले. "आणि कुत्र्याचं बाक कसं राहिलं गं?"

तिनं दुसरं पत्र पुढे सरकवलं. मोठाल्या अक्षरांत एकच ओळ होती. त्यातली शिवी सोडली तर उरत होतं ते एवढंच: हात लावून बघा.

"तीनच घरांनी हरकत घेतली होती," केली म्हणाली. "त्या तिघांचीही बाकं ठेवली. मिस्टर मॅपलबेक, हे मीच वाचलं होतं. तुम्ही समजू शकतो म्हणालात, म्हणून मला वाटलं तुम्ही हो म्हणताय. एक 'नको' लिहिलं असतंत तरी पुरलं असतं. एवढंच."

"बाक आहे कुठे?" मी विचारलं.

"लाकूड कुजलं होतं. फोडलं त्यांनी. पट्टी ठेवलीये, मी पाठवून देईन."

मी तोंड उघडणार, एवढ्यात सिरिलनं टोपी काढली. "तुझी काही चूक नाही, पोरी," तो म्हणाला. "माझंच लिहिणं नीट नव्हतं. तुझा वेळ घेतला. थँक यू." ती पोर रडायला लागली, आणि हा तिला रुमाल देत बसला!

बाहेर बसथांब्यावर मी त्याच्यावर तोंड टाकलं. रस्त्यानं जाणारे वळून बघत होते. "थँक यू? कशाबद्दल थँक यू, सिरिल? तुझ्या पोरीचं नाव पुसलं म्हणून? दगड आहेस का माणूस आहेस?"

तो माझ्याकडे न बघताच म्हणाला, "दुसऱ्यांदा झालं हे."

"काय?"

"हेझलच्या वेळी. तीन दिवस बोटी शोधत होत्या. तिसऱ्या संध्याकाळी त्यांचा मुख्य माणूस घरी आला. फार भला माणूस होता. म्हणाला, आता थांबावं असं आम्हाला वाटतं. पण तुमचं म्हणणं असेल तर उद्या पहाटे आणखी एकदा जातो. त्यानं मला विचारलं होतं, मॅव्हिस. वरून हुकूम नव्हता आला. मला विचारलं होतं."

"मग?"

"तो दमलेला दिसत होता. डोळे लाल होते. मी म्हटलं, तुम्हाला जास्त कळतं. तुम्ही खूप केलंत, थँक यू. चहा विचारला. त्यानं घेतलासुद्धा." त्यानं टोपी दोन्ही हातांनी गुडघ्यावर धरली होती. "एनिड जिन्यात उभी होती. तिनं सगळं ऐकलं. तो गेल्यावर म्हणाली, 'जा एवढंच म्हणायचं होतंस.' एकदाच म्हणाली. पुढं सत्तावीस वर्षं त्यावर अवाक्षर नाही. आणि मग ती त्या बाकामागे लागली."

बस आली आणि गेली. आम्ही दोघंही उठलो नाही. मी त्याचा हात धरला. बत्तीस वर्षांत पहिल्यांदाच.

त्यानंतर सिरिल समुद्राकडे गेला नाही. चार वाजता खुर्ची खिडकीशी ओढून बसायचा, खिडकीतून समोरचं गॅरेज दिसतं. पट्टी टपालानं आली. मी म्हटलं, आण, आत्ता ठोकून देते भिंतीत. तर म्हणे, घर नगरपालिकेचं, भिंतीला भोक पाडायचं तर आधी परवानगी मागायला हवी. "लिहीन मी," म्हणाला. लिहिलं काही नाही. हिवाळ्यात छातीत कफ झाला, तेव्हाही रुग्णवाहिका मीच बोलावली. त्याला उगाच कुणाची झोपमोड नको होती.

अंत्यविधीला आम्ही अकराजण होतो. धर्मगुरू नवा होता, सिरिलला दोनचारदाच भेटलेला. चांगला बोलला बिचारा. म्हणाला, "सिरिलबद्दल सगळ्यांकडून मी एकच गोष्ट ऐकली. या माणसानं आयुष्यात कधी कुणाला त्रास दिला नाही."

दिला, हो दिला! एका मुलीला समुद्रात ठेवलं, एका बाईला जिन्यात उभं केलं, आणि स्वतःला काय दिला ते तर विचारूच नका. उठून ओरडावं असं वाटलं. मासे विकून कमावलेला आवाज आहे माझा, छप्पर हललं असतं.

पुढच्या बाकांवरच्या सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. बाहेर पडताना दारात धर्मगुरू उभा होता. मी त्याचा हात हातात घेतला आणि म्हटलं, "फार छान बोललात. थँक यू."