जहाजावरची नावं आणि वाटूरचा भिवा

आंघोळ झाली की भुजंगराव ओल्या केसांनीच कॉम्प्युटर लावायचे आणि चहा येईपर्यंत एक नाव मोठ्यानं वाचायचे. पश्चिम आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्या, पण वाटेत जहाज पकडलं गेल्यानं सुटलेल्या माणसांची नावं परदेशात कुणीतरी इंटरनेटवर घातली होती. नाव, वय, उंची, बंदर. गिरिजाबाई कप घेऊन दारात थांबायच्या. नवऱ्याचं वाचून होईपर्यंत आत जायचं नाही, हे त्यांनी आपणहून ठरवलेलं.

जालन्याच्या एका कॉलेजात ते इतिहास शिकवायचे. लायब्ररीत आफ्रिकेवर धड पुस्तक नव्हतं. २००९ साली घरी ब्रॉडबँड आलं आणि जहाजांच्या फेऱ्या, नकाशे, गुलामीतून सुटलेल्यांच्या कहाण्या असं सगळंच समोर आलं. वर्गात एखादी कहाणी सांगताना त्यांचा आवाज कातर व्हायचा. त्यात खोटं काही नव्हतं. गिरिजाबाईंना पुढं तेच जड गेलं.

वाटूरच्या त्यांच्या शेतावर भिवा सालगडी होता, अगदी भुजंगरावांच्या वडिलांपासून. पाडव्याला नवं साल ठरायचं. एका वर्षी पाडव्याआधीच तो जालन्याला घरी आला आणि पायरीवर बसला.

"मालक, औंदा साल न्हाई धरत. पोराजवळ राहतो हितंच. लोखंडाच्या कारखान्यात बोलून आल्तो. घेतो म्हन्ले."

"मंग बैलांचं कोण पाहील रे?"

"बैल काय, चार दिवस रुसतेल. बायकोवानी."

भुजंगराव मनापासून हसले. "जा की बिलकुल. तुला कुणी बांधून ठेवलंय का?"

भिवा जेवून गेला. फाटक लागल्याचा आवाज आला आणि भुजंगरावांनी फोन उचलला. कारखान्याचा ठेकेदार त्यांचा जुना विद्यार्थी. "भिवा आपल्या घरचा माणूस आहे. त्याला घेऊ नकोस, एवढं ऐक माझं."

"त्याला तर जा म्हणालात," गिरिजाबाई म्हणाल्या.

"या वयात भट्टीपुढं टिकणार आहे का तो?"

"मग तसं त्याच्या तोंडावर सांगायचं होतं."

ते कॉम्प्युटरकडं वळले.

पाडव्याला भिवा परत आला. "कारखाना नशिबातच न्हाई, बाईसाहेब," म्हणाला. गिरिजाबाईंनी नारळ आणि टॉवेल-टोपी त्याच्या हातात दिली. फोनचं सांगावं असं ओठांवर आलं होतं. त्यांनी विचारलं, पुरणपोळी आणखी एक वाढू का?

दुसऱ्या वर्षी श्रावणात, शेतावर बाजेवर पडल्या पडल्याच भुजंगराव गेले. कॉलेजच्या शोकसभेत कुणी म्हणालं, सात समुद्रांपलीकडच्या गुलामांसाठी सरांचे डोळे भरून यायचे. पहिल्या रांगेत बसलेल्या गिरिजाबाईंनी मान हलवली. खरंच होतं ते. गेले त्या दुपारी डोळा लागण्याआधी बाजेवरून भुजंगरावांनी हाक मारली होती, "भिव्या, भाकर मंग खा. आधी बैलांना पाणी दाखव."